पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद) : नेहमीच्या यादीपलीकडे काय बघावं?

पानगळ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोर्ट ऑफ स्पेनमध्ये दोन पूर्ण दिवस हाताशी आहेत. मराकसचा किनारा, कॅरोनीच्या दलदलीतले लाल शराटी पक्षी, सव्हाना या मोठ्या मैदानाचा फेरफटका ही नावं सगळीकडे सापडतात, त्यांची माहिती मिळाली आहे. त्याखेरीज खुद्द शहरात किंवा अगदी जवळ, पर्यटक सहसा जात नाहीत पण जायला हवं, अशी कोणती ठिकाणं आहेत?

इतिहास, जुन्या इमारती, भारतातून गेलेल्या मजुरांच्या खुणा आणि स्थानिक संगीत यांत रस आहे. खरेदी आणि रात्रीचे क्लब नकोत. सोबत सत्तरीची आई आहे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालते, चढ आणि पायऱ्या जमत नाहीत. गाडी भाड्याने घेणार नाही. कुठली जागा किती वाजता बघावी आणि कुठे जाणं टाळावं, हेही सांगितलंत तर फार मदत होईल.

---

दीपस्तंभ

सुरुवात साउथ की या रस्त्यावरून करा. तिथे फोर्ट सान आंद्रेस नावाची छोटीशी इमारत आहे. पहिल्या नजरेत 'हा कसला किल्ला?' असं वाटेल. पण १७८७ साली तो बांधला तेव्हा त्याच्या चहूबाजूंना समुद्र होता. आज त्याच्यापासून पाण्यापर्यंत जायला रस्ते आणि बंदराची आवारं ओलांडावी लागतात. याच भागात जुनं दीपगृहही उभं आहे, वाहनांच्या गर्दीत, जरासं कललेलं. समुद्र मागे हटलेला नाही, माणसांनी भर घालून किनारा पुढे ढकलला. हे एकदा डोळ्यांत बसलं की आजचा इंडिपेंडन्स स्क्वेअर, म्हणजे मधोमध झाडं आणि बाकं असलेला तो लांबलचक पट्टा, एके काळी किनाऱ्यालगतची जागा होती हे आपोआप कळतं.

नदीचंही तेच. सेंट अ‍ॅन्स नदी पूर्वी गावाच्या मधून वाहायची आणि पुराचं पाणी घराघरांत शिरायचं. स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने १७८७ मध्ये तिचा प्रवाह वळवून पूर्वेला लावेंटिलच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नेला. लोक आज तिला ड्राय रिव्हर म्हणतात. फ्रेडरिक स्ट्रीटच्या आसपासचे सरळ काटकोनातले रस्ते वाढू शकले ते नदी हलवल्यामुळे. नदीच्या पलीकडे मात्र जाऊ नका, त्याबद्दल खाली कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

साउथ कीवरून उत्तरेला सरळ वर गेलात की दहा-पंधरा मिनिटांत वुडफर्ड स्क्वेअर येतो. पूर्ण सपाटी आहे, आईंना काही त्रास नाही. चौकाच्या पश्चिमेला रेड हाउस, म्हणजे संसद. १९०३ साली पाणीपट्टीच्या कायद्यावरून दंगल झाली आणि लोकांनी आधीची इमारत जाळली. आत्ताची १९०७ ची. १९९० च्या सशस्त्र उठावात पंतप्रधानांसह अनेकांना इथेच ओलीस धरलं होतं. दुरुस्ती चालू असताना २०१३ मध्ये जमिनीखाली मूळ रहिवाशांची हाडं आणि मातीची भांडी मिळाली. म्हणजे स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून या जागेवर वस्ती होती. वास्तू २०२० मध्ये पुन्हा संसदेच्या ताब्यात आली. आत जायचं असेल तर संसदेच्या कार्यालयाकडे आधी नाव नोंदवावं लागतं. आयत्या वेळी फाटकावरून परत पाठवतात. बिनबाह्यांचे कपडे, अर्धी चड्डी, चपला चालत नाहीत.

त्याच टप्प्यात राष्ट्रीय ग्रंथालयाला चिकटून जुनं अग्निशमन केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ही इमारत नव्या ग्रंथालयाच्या रचनेत सामावून घेतली आहे. कवी-नाटककार डेरेक वॉलकॉट यांनी १९५९ साली स्थापन केलेल्या त्रिनिदाद थिएटर वर्कशॉपचे प्रयोगही इथे होत असत. ग्रंथालयात वातानुकूलन आणि स्वच्छतागृह आहे, आईंना वीस मिनिटं टेकायला उत्तम.

हा सगळा भाग सकाळी साडेसातला सुरू करून साडेदहाच्या आत आटपा. अकरानंतर रस्ते तापतात आणि दुकानांची गर्दी सुरू होते. संध्याकाळी पाचनंतर कार्यालयं सुटली की हा भाग झपाट्याने ओस पडतो. त्या वेळी इथे थांबण्यात शहाणपण नाही.

सव्हाना यादीत नको म्हणालात, तरी तिथल्या दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पहिली म्हणजे मैदानाच्या आत असलेलं पेशिये कुटुंबाचं दफनस्थान. ब्रिटिश गव्हर्नर सर राल्फ वुडफर्ड यांनी १८१७ साली ही जमीन त्या कुटुंबाकडून विकत घेतली, पण पूर्वजांच्या थडग्यांचा तुकडा कुटुंबाने स्वतःकडे ठेवला. तो आजही भिंतीआड, आजूबाजूला क्रिकेट-फुटबॉल चालू असताना, शांत उभा आहे. आत जाता येत नाही, भिंतीबाहेरून बघायचं.

दुसरी गोष्ट उजेडाची. पश्चिम कडेच्या सात प्रसिद्ध हवेल्यांची तोंडं पूर्वेला आहेत. सगळ्या सहली तिथे दुपारी चारला नेतात, तेव्हा सूर्य इमारतींच्या मागे असतो आणि कोरीवकाम काळं दिसतं. सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात जा. दक्षिणेकडून क्वीन्स रॉयल कॉलेज (१९०४), मग हेज कोर्ट, मिल फ्लर, रूमोर, आर्चबिशपचं निवासस्थान, व्हाइटहॉल आणि शेवटी स्टोलमायरचा किल्ला, हा क्रम. इमारतींच्या बाजूने न चालता सव्हानाच्या कडेच्या पदपथावरून चाला, तरच अख्खं दर्शनी अंग नजरेत मावतं. रस्ता एकेरी आहे आणि वाहनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सव्हानाला वळसा घालतात, म्हणजे या बाजूला गाड्या दक्षिणेकडून येतात. ओलांडताना तिकडे बघा, वेग बराच असतो.

---

ओसरी

दीपस्तंभ यांनी मध्यवर्ती भाग छान सांगितला. मी पश्चिमेकडचं लिहिते, कारण विचारलेल्या चार गोष्टींपैकी दोन तिथे आहेत.

सेंट जेम्स. वेस्टर्न मेन रोड हा त्याचा कणा, आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत चला: बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली, मद्रास, लखनौ, बनारस, आग्रा. इथे पूर्वी पेरू नावाची उसाची इस्टेट होती आणि करार संपलेल्या भारतीय मजुरांनी तिच्या जमिनीवर घरं बांधली. आज वस्ती पूर्ण मिश्र आहे. बॉम्बे स्ट्रीटवर मुंबईची काही खूण शोधायला जाऊ नका, पाटीखेरीज काही मिळणार नाही. भारतातून त्रिनिदादला आलेले बहुसंख्य लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कलकत्त्याहून जहाजात चढलेले, आणि थोडे मद्रासहून. एथेल स्ट्रीटवरच्या पश्चिम काशी मंदिराच्या नावातही तोच धागा दिसतो. मंदिरात जायचं तर सकाळी जा, दुपारी बहुधा बंद असतं.

सेंट जेम्सची खरी ओळख मोहरमची. तिथे त्याला होसे म्हणतात. यंदा तुमच्या तारखांत तो येत नाही, पण पुढे कोणाला कामी येईल म्हणून लिहून ठेवते. पहिल्या रात्री निशाणं, दुसऱ्या रात्री लहान ताबूत, तिसऱ्या रात्री मोठे ताबूत आणि त्यांच्याबरोबर दोन चंद्र. हे चंद्र म्हणजे खांद्यावर तोलून गोल फिरवायचे अवजड सांगाडे. एकाच माणसाला ते फार वेळ पेलत नाहीत, म्हणून गर्दीत माणसं सतत बदलत असतात. मिरवणूक रात्री अकराच्या सुमारास रंगात येते. ताशे मातीचे आणि बकऱ्याच्या कातड्याचे असतात, दमट हवेत कातडं सैलावतं, म्हणून रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवून ते तापवून घेतात. शेकोटीजवळ उभं राहिलात तर वादक कातड्यावर बोट मारून आवाज कसा जोखतात ते जवळून दिसतं. शेवटी ताबूत समुद्रात विसर्जित करतात. हिंदू, ख्रिस्ती, आफ्रिकी वंशाचे शेजारी सगळे ताशा वाजवायला असतात. तरी तो शोकाचा विधी आहे, हातात बाटली घेऊन नाचायचा नाही, ही विनंती आयोजक दर वर्षी करतात आणि ती पाळावी.

खाणं सेंट जेम्समध्येच उरका. सकाळी डबल्स: दोन मऊ बारा, मध्ये हरभऱ्याची आमटीसर उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं मसालेदार लोणचं. विक्रेता मिरचीचं विचारेल. 'स्लाइट' म्हणा. तिथली स्कॉर्पियन मिरची जगातल्या सर्वांत तिखट मिरच्यांपैकी एक आहे आणि आपल्या तिखटाच्या सवयीचा तिच्यापुढे उपयोग होत नाही. गाड्या सकाळी लवकर लागतात आणि चांगल्या गाड्यांचा माल दहाच्या आत संपतो. नोटा सुट्या ठेवा. दुपारी दालपुरी घ्या. पुरणपोळीसारखीच भरलेली, पण आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं जिरं घातलेलं सुकं सारण. तिच्यात भोपळा, बोडी (चवळीच्या शेंगा) किंवा चना-आलू गुंडाळून देतात. शाकाहारी असाल तर हे तीन शब्द लक्षात असले की पोटाची चिंता नाही.

आता फोर्ट जॉर्ज. सेंट जेम्सच्या मागच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३३५ मीटर. गव्हर्नर हिस्लॉपच्या काळात १८०४ मध्ये बांधला. लढाई एकही झाली नाही. १८०५ मध्ये नेल्सनचं आरमार येताना दिसलं, लोकांना ते फ्रेंच वाटलं, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या वह्या आणि मौल्यवान सामान सुरक्षित राहावं म्हणून याच किल्ल्यावर आणून ठेवलं होतं. वर लाकडी संकेत-घर आहे, १८८३ चं. त्याचा आराखडा प्रिन्स कोफी न्ती याचा. हा पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती राजाचा मुलगा, ब्रिटिशांनी त्याला त्रिनिदादला पाठवलं होतं. अशांती राजपुत्राने आखलेली वास्तू कॅरिबियनमधल्या डोंगरमाथ्यावर अजून टिकून आहे, एवढ्यासाठी तरी वर जावं.

वर पोचल्यावर गवताची सपाटी, बाकं, तोफा, आणि खाली अख्खं शहर, पारियाचं आखात, आणि हवा स्वच्छ असेल तर व्हेनेझुएलाचा किनारा. आईंना काहीच चढावं लागणार नाही, गाडी अगदी वरपर्यंत जाते. पण रस्ता अरुंद आणि तीव्र चढाचा आहे, वरून गाडी आली की एकाला मागे घ्यावं लागतं. मॅक्सी किंवा रूट टॅक्सी वर जात नाही, आणि वरून परतीची गाडी मिळत नाही. म्हणून टॅक्सी ठरवताना जाणं, तासभर थांबणं आणि परत येणं, असे एकत्र पैसे निघायच्या आधीच ठरवा. फाटक सहाच्या सुमारास बंद होतं. एप्रिलमध्ये सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, त्यामुळे वरून सूर्य बुडताना बघण्याचा बेत फसतो. साडेचारला पोचा, सोनेरी उन्हात शहर बघा आणि पावणेसहाला उतरायला लागा.

---

खारवा

दोन कामाच्या गोष्टी, ज्या सहलीच्या पानांवर नसतात.

लष्करी ठिपक्यांचे कपडे, म्हणजे कॅमोफ्लाज, त्रिनिदादमध्ये नागरिकांना कायद्याने बंद आहेत. टोपी, पाठपिशवी, लहान मुलांचे कपडेसुद्धा. विमानतळावरच काढून घेतात. बॅग भरताना बघा.

आणि पीतज्वराची लस. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या प्रदेशांत येतं. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठीच्या पुढच्या व्यक्तींना ही लस देण्याआधी डॉक्टर जास्त चौकशी करतात. आईंच्या बाबतीत हे आत्ताच विचारून घ्या. लस देता येणार नसेल तर तसं लेखी कारण डॉक्टरांकडून घ्यावं लागतं.

---

पानगळ

लसीचं अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. आता तीन शंका. मॅक्सी आणि रूट टॅक्सीत नेमका फरक काय आणि आईला घेऊन कशाने फिरावं? लापेरूझ दफनभूमीबद्दल वाचलं, ती बघण्यासारखी आणि सुरक्षित आहे का? आणि कार्निव्हल उलटून गेल्यावर स्टीलपॅन, म्हणजे पिंपापासून बनवलेलं तिथलं वाद्य, कुठे ऐकायला मिळेल?

---

दीपस्तंभ

वाहनांचं आधी. मॅक्सी म्हणजे ठरावीक मार्गावर धावणारी छोटी बस. अंगावरच्या रंगीत पट्ट्यावरून मार्ग कळतो. पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेकडे, म्हणजे डिएगो मार्टिन, शॅग्वारामस. लाल पट्टा पूर्वेकडच्या गावांना, हिरवा मध्य आणि दक्षिण भागाला. लाल आणि हिरव्या मॅक्सी साउथ कीवरच्या सिटी गेटमधून सुटतात, ते जुनं रेल्वे स्थानक आहे, छताखाली एकदा नजर टाका. रूट टॅक्सी म्हणजे साधी मोटार, चार अनोळखी माणसं वाटून घेतात, भाडं मार्गाप्रमाणे ठरलेलं. हिच्या पाटीवर सुरुवातीला 'एच' अक्षर असतं. 'पी' अक्षराच्या खासगी गाड्याही प्रवासी भरतात, स्थानिक लोक त्यांत बसतात, पण त्या बेकायदा आहेत आणि विमा लागू होत नाही. बसू नका. सरकारी बसचं तिकीट आधी खिडकीवर घ्यावं लागतं, चालक पैसे घेत नाही.

आईंना घेऊन मॅक्सीत चढ-उतर त्रासाची, पायरी उंच असते. दोन दिवसांसाठी हॉटेलमार्फत ओळखीचा टॅक्सीवाला अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या बोलीवर घ्या. भाडं त्रिनिदाद डॉलरमध्ये ठरवा. नुसतं 'डॉलर' म्हटलं की अमेरिकन की स्थानिक यावरून शेवटी वाद होतो, आणि एका अमेरिकन डॉलरला साडेसहाहून जास्त स्थानिक डॉलर मिळतात, म्हणजे फरक मोठा आहे.

लापेरूझ नक्की बघण्यासारखी आहे. शहरातल्या पहिल्या साखर इस्टेटीच्या जमिनीवर ती आहे, पिको द लापेरूझ हा त्या इस्टेटीचा फ्रेंच मालक. ओतीव लोखंडाच्या नक्षीदार जाळ्या, फ्रेंच घराण्यांची घुमटाची थडगी, आणि त्रिनिदादचा मोठा निसर्गचित्रकार मिशेल-जाँ काझाबाँ (१८१३ ते १८८८) याची कबर. मोडतोड आणि चोरी बरीच झाली आहे, कित्येक थडग्यांची झाकणं सरकलेली आहेत, पाऊल जपून टाकावं लागतं. दोघांनीच फिरू नका. टॅक्सीवाल्याला बरोबर घ्या किंवा वारसा-सहल घडवणाऱ्या स्थानिक वाटाड्याबरोबर सकाळी जा, आणि दागिने, मोठा कॅमेरा गळ्यात नको. आईंना मधल्या मुख्य वाटेवरून जितकं दिसेल तितकं पुरे, आडवाटा खडबडीत आहेत.

काझाबाँची चित्रं फ्रेडरिक स्ट्रीटच्या वरच्या टोकाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गुलामगिरी संपल्यानंतरच्या दशकांतलं पोर्ट ऑफ स्पेन कसं दिसायचं ते बघायला त्यांच्याइतका चांगला पुरावा नाही. संग्रहालय दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद ठेवतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. पर्याय म्हणून इंडिपेंडन्स स्क्वेअरजवळच्या जुळ्या मनोऱ्यांत मध्यवर्ती बँकेचं मनी म्युझियम आहे. प्रवेश मोफत, थंडगार, कामाच्या दिवशीच उघडं.

कुठे जाऊ नये: लावेंटिल, ड्राय रिव्हरच्या पूर्वेकडचा भाग, सी लॉट्स. टोळ्यांची भांडणं तिथे खरी आहेत आणि वाटसरूही सापडतात. याचं वाईट वाटतं, कारण स्टीलपॅनचा जन्म याच टेकड्यांवर झाला आणि चुरूकाची वेधशाळाही तिथेच आहे. स्पॅनिश नौदल अधिकारी कॉस्मे दामियान द चुरूका याने १७९३ च्या जानेवारीत तिथून चंद्राआड जाणारा तारा टिपला आणि अमेरिका खंडाच्या नकाशांसाठी अचूक रेखांश ठरवला. पुढे तो ट्रफाल्गरच्या लढाईत मारला गेला. मोठा वाटाड्या-गट असेल तरच तिथे जावं, दोघांनी नव्हे. निघण्याआधी आणीबाणी किंवा संचारबंदी जाहीर आहे का, तेही बघा. गेल्या काही वर्षांत गुन्हेगारीवरून ती लागू झालेली आहे.

---

ताशेवाला

स्टीलपॅनबद्दल मी सांगतो.

पॅनयार्ड म्हणजे पथकाचं सरावाचं अंगण. ऑल स्टार्स ड्यूक स्ट्रीटवर, रेनेगेड्स शार्लट स्ट्रीटवर, फेज टू वुडब्रुकच्या हॅमिल्टन स्ट्रीटवर. जानेवारीपासून कार्निव्हलच्या शनिवारपर्यंत रोज रात्री सराव असतो, कारण त्या शनिवारी पॅनोरामा स्पर्धेची मोठ्या पथकांची अंतिम फेरी होते. मोठ्या पथकात १२० पर्यंत वादक. या काळात अंगणात जाऊन बसायला पैसे लागत नाहीत, वर्गणीचा डबा असतो त्यात टाका. एप्रिलमध्ये मात्र अंगणं बऱ्याच रात्री रिकामी असतात. काही पथकं नव्या मुलांना शिकवतात, काही एखाद्या कार्यक्रमाची तयारी करत असतात. पथकाच्या फेसबुक पानावर आठवड्याचा बेत टाकतात, तो बघा आणि संध्याकाळी सातनंतर टॅक्सीने थेट दारापर्यंत जा. शहराच्या मध्यभागातल्या अंगणांपेक्षा वुडब्रुकचं फेज टू तुम्हाला सोयीचं, आजूबाजूला हॉटेलं आणि वर्दळ आहे.

अंगणात गेल्यावर काय ऐकायचं? सगळे एकत्र वाजवतात ते शेवटी. त्याआधी दोन-दोन ओळींचे तुकडे एकेक विभाग घोटत असतो. टेनर पॅन वरचा सूर धरतो आणि त्याचं पिंप उथळ कापलेलं असतं. बासला अख्खी पिंपं लागतात, एका वादकाभोवती सहा किंवा जास्त, कारण एका पिंपावर मोजकेच स्वर मावतात. मध्ये मोटारीचे लोखंडी ब्रेक-ड्रम ठोकणारा ताफा असतो, त्याला इंजिन रूम म्हणतात. त्याच्या जवळ उभं राहिलात तर सूर कानावर येत नाही, फक्त ठोका येतो. आईंना विरुद्ध कडेला, टेनरच्या समोर बसवा. पॅनला हात लावू नका. पत्र्यावरचा प्रत्येक उंचवटा हातोडीने ठोकून सुरात आणलेला असतो, जोराचा धक्का बसला की स्वर बिघडतो आणि पॅन पुन्हा ट्यूनरकडे न्यावं लागतं.

आणखी एक, क्रिकेटसाठी. तुम्ही विचारलं नाहीत, पण ट्रॅगारेट रोडवरून जाताना ओव्हल या क्रिकेट मैदानापाशी दोन मिनिटं थांबाच. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर, सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण त्याच सामन्यात. त्याच मालिकेच्या शेवटच्या कसोटीत गावसकरांनी इथेच १२४ आणि २२० केल्या. १९७६ मध्ये ४०३ चं लक्ष्य चार गडी गमावून गाठलं तेही इथेच. सामना नसेल तेव्हा मैदान क्लबच्या ताब्यात असतं. मुख्य फाटकावर नीट विचारलं तर बहुतेकदा कडेपर्यंत जाऊ देतात, पण तो त्यांचा प्रश्न, हक्काने आत शिरू नका. मागे उत्तरेला हिरवे डोंगर दिसतात ते बघून घ्या.

---

ओसरी

एवढं सगळं लिहूनही नेल्सन बेट राहिलं. भारतीय मजुरांच्या खुणा बघायच्या असतील तर माझ्या मते पहिली जागा तीच, शहरातली कुठलीही नव्हे.

पहिलं जहाज 'फतेल रझाक' ३० मे १८४५ रोजी सुमारे २२५ माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात आलं. ३० मे आजही तिथे सुट्टीचा दिवस आहे. पुढे १८६६ पासून जहाजं आधी नेल्सन बेटावर थांबायला लागली. तिथे डॉक्टर तपासायचे, आजारी माणसांना वेगळं ठेवायचे, बाकीच्यांना दहाएक दिवस विश्रांती देऊन मग वेगवेगळ्या इस्टेटींवर वाटून द्यायचे. एका गावची, जहाजात एकमेकांना 'जहाजी' मानलेली माणसं इथून पांगली. १८४५ ते १९१७ या काळात १ लाख ४० हजारांहून जास्त लोक भारतातून त्रिनिदादला आले. त्यांतल्या मोठ्या भागाचं पहिलं पाऊल या खडकावर पडलं.

बेट एवढंसं आहे की अर्ध्या तासात बघून होतं, पण एकावर एक थर आहेत. सर्वांत जुनी इमारत १८०२ ची, गुलाम माणसांच्या हातची. दुसऱ्या महायुद्धात कामगारनेता ट्युबल उरिया बटलर इथे कैदेत होता, युरोपातून पळून आलेल्या ज्यूंनाही काही काळ इथे डांबलं होतं, आणि १९७० च्या ब्लॅक पॉवर चळवळीतल्या नेत्यांनाही.

जायचं कसं: बेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे आणि तेच सहली काढतात. रोज नसतात, बहुधा शनिवार-रविवारी किंवा गटासाठी ठरवून. मधल्या वारी आलात तर आधी पत्र पाठवून विचारा. त्यांचं कार्यालय वर आलेल्या मिल फ्लर हवेलीतच आहे. होडी शॅग्वारामसच्या बाजूने सुटते. स्वतः मच्छीमाराची होडी ठरवून धक्क्याला लागता येत नाही, परवानगी लागते. आईंचा विचार इथे नीट करा: होडीतून धक्क्यावर पाय टाकताना होडी हलत असते आणि वर पायऱ्या आहेत. सहल ठरवताना हे स्पष्ट सांगा, हात द्यायला माणूस असेल का आणि धक्क्याची काय स्थिती आहे ते विचारा. बेटावर दुकान नाही, सावली मोजकी. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट. सकाळची वेळ घ्या, दुपारी वारा वाढला की आखातात लाटा उठतात.

---

पानगळ

ट्रस्टला आजच पत्र पाठवते. तारीख जुळली तर परतीचं विमान एक दिवस पुढे ढकलता येईल. आईसाठी तोवर दुसरं काही सोपं, सावलीतलं?

---

खारवा

सव्हानाच्या उत्तरेचं रॉयल बोटॅनिक गार्डन्स. १८१८ ची बाग, प्रवेश मोफत, उजाडल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत. फाटकाच्या जवळचा भाग जवळजवळ सपाट, मागचा राष्ट्रपती भवनाकडचा भाग चढाचा, तिकडे जायची गरज नाही. आत एक छोटं दफनस्थान आहे, जुन्या गव्हर्नरांचं. बागेचा पहिला प्रमुख डेव्हिड लॉकहार्ट हाही तिथेच पुरलेला आहे. एप्रिल म्हणजे कोरड्या हंगामाची अखेर, पोई नावाची झाडं फुलायचा काळ. गुलाबी आणि पिवळा पोई पानं गाळून नुसता फुलांनी भरतो, पण एका झाडाचा बहर थोडेच दिवस टिकतो. एक झाड रिकामं दिसलं तर निराश न होता सव्हानाच्या कडेने दुसरं शोधा, आणि लेडी चॅन्सलर रोडच्या डोंगरउताराकडे नजर टाका, तिथे ठिपके दिसतील.

सव्हानाच्या कडेला संध्याकाळी शहाळ्याच्या आणि कॉर्न सूपच्या गाड्या लागतात. सूपमध्ये मांसाचा तुकडा असतो का ते विचारून घ्या, काही जण घालतात.

आणि तारखा ठरवताना ईस्टर कधी आहे ते पंचांगात बघा. गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या आहेत, संसद, बँकेचं संग्रहालय, ग्रंथालय सगळं बंद राहतं. गुड फ्रायडेला तर डबल्सची गाडी मिळणंही कठीण.